तीन वर्षांच्या डोळ्याला पहिलीपर्यंत थांबवू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अंगणवाडीतल्या मुलांची डोळे तपासणी आणि उपचार करताना त्यांच्या घराचाही विचार व्हावा, याबाबत.

मा. महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागात माझं चष्म्याचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. नंबर काढायचा, काच बसवायची आणि शंका आली की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढंच माझं काम. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार आणि त्यांची मुलं येतात. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा उर्दू आणि माझ्याशी मराठी, असा कारभार. मुलं येतात ती बहुतेक दुसरी-तिसरीत गेल्यावर, बाईंनी 'फळ्यावरचं दिसत नाही' असं सांगितलं म्हणून. त्यातल्या काहींचा एक डोळा तोवर हातचा गेलेला असतो.

आळशी डोळा हा विषय आपल्याला नवा नसेल. एका डोळ्याला मोठा नंबर किंवा तिरळेपणा असला की मेंदू चांगल्या डोळ्याचंच ऐकायला लागतो आणि दुसऱ्याची नजर तयारच होत नाही. सात वर्षांच्या आत उपचार जितके लागू पडतात तितके पुढे पडत नाहीत. दहाव्या वर्षी मी कितीही अचूक काच लावली तरी त्या डोळ्याने तक्त्याच्या खालच्या ओळी बहुधा उमटत नाहीत. आणि मूल तक्रार करत नाही. करणार कशी? एका डोळ्याने त्याला सगळं दिसत असतं. "ताटातला खडा वेचून काढतो की हो, डोळे कसे खराब असतील?" असं आई म्हणते, आणि तिच्या जागी ती बरोबरच असते.

हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. मुलाला आईच्या मांडीवर बसवायचं आणि एकेक डोळा झाकायचा. अधू डोळा झाकला तर मूल निवांत खेळत राहतं. चांगला झाकला की चिडतं, मान फिरवतं, आपला हात ओढून काढतं. तीन वर्षांच्या मुलाला अक्षरं येत नसली तरी घर, सफरचंद, गोल, चौकोन अशा चित्रांचा तक्ता असतो. तक्त्यावर दिसलेलं चित्र मुलाने मांडीवरच्या कार्डावर बोटाने दाखवायचं, बोलायचंसुद्धा नाही. तेलुगू बोलणाऱ्या मुलालाही तो तेवढाच सोपा.

मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीचं पथक जावं, अशी त्यात सोय आहे. म्हणजे लहानांकडे जास्त लक्ष द्यायचं हे सरकारला तेव्हाच पटलेलं होतं. पण पथकाला मूल डोक्यापासून पायापर्यंत बघायचं असतं. त्या घाईत दोन्ही डोळे उघडे ठेवूनच बघितलं, तर वर सांगितलेलं मूल सहज पास होतं.

म्हणून पहिली मागणी : कुठल्या मुलावर जास्त वेळ द्यायचा, हे त्याच्या घरावरून ठरवा. घरात कुणी तिरळं आहे का? आई-बापाला किंवा भावंडाला लहानपणीच जाड चष्मा लागला का? बाळ दिवस भरायच्या आधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं झालं होतं का? लग्न नात्यातलं आहे का? मामाची मुलगी करणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे, त्यावर मला प्रवचन द्यायचं नाही. पण डोळ्याच्या पडद्याचे काही आनुवंशिक आजार आणि जन्मजात मोतीबिंदूचे काही प्रकार अशा घरांत जास्त दिसतात, तेव्हा विचारायला लाज कसली? सेविकेला ही उत्तरं बहुधा तोंडपाठ असतात, फक्त ती नोंदवहीत यायला हवीत. आणि कुणाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर यादीबिदीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तो डोळ्यातला कर्करोग असू शकतो, आणि तसं निघालं तर भावंडंही तपासावी लागतात.

घराचा दुसरा भाग पैशाचा. लहान मुलाचा नंबर औषध घालून काढावा लागतो. बऱ्याचदा तीन दिवस घरी मलम लावून मग यायला सांगतात. विडीची मजुरी हजारावर मिळते. मुलाला घेऊन दवाखान्यात बसलेल्या दिवशी विड्या वळल्या जात नाहीत आणि पुन्हा बोलावलं की दुसराही दिवस बुडतो. न येणाऱ्या आईला 'बेफिकीर' म्हणणारे मी ऐकलेत. त्यांनी आठवडाभर मजुरीवर घर चालवून बघावं. औषध घालून होणारी ही तपासणी वस्तीतच, महिन्यातून एखाद्या सुट्टीच्या दिवशी ठेवता येणार नाही का?

मोबाइलचंही तसंच. पाच वर्षांखालच्या मुलाला दिवसात तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आई तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसलेली असते आणि मूल त्यापासून लांब ठेवायचं तर हातात मोबाइल येतोच. मूल रोज दोन तास उजेडात बाहेर खेळलं तर मायनस नंबर लागण्याचा धोका घटतो. सोलापुरात उन्हाला तोटा नाही. सकाळ-संध्याकाळ अंगणवाडीतली मुलं बाहेर काढली तरी पुष्कळ झालं.

आता माझी मुख्य मागणी. आळशी डोळ्याला चष्मा देतात, तेवढ्याने भागलं नाही तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. मला दिसतं ते असं की उपचार इथेच बुडतात. मूल रडतं, आजी दुपारी पट्टी काढून टाकते, शेजारीण विचारते, "पोराला काय झालं?" मुलगी असेल तर लग्नाची काळजी तिसऱ्या वर्षीच सुरू. मात्र दोष मध्यम असेल तर दिवसातून दोन तासांची पट्टीही काम करते, हे अमेरिकेतल्या चाचण्यांतून २००३ सालीच दिसलं आहे. दोन तास मूल अंगणवाडीत असतंच. डॉक्टरांनी लिहून दिलेली पट्टी सेविकेने लावायची, चित्रं रंगवायला बसवायचं आणि वेळ झाली की काढायची. चार पोरांत एकाला पट्टी असली की दोन दिवसांत कुणी बघतही नाही. सेविकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून या कामाचा वेगळा भत्ता द्यावा.

एक धंद्यातली गोष्ट. तीन वर्षांच्या मुलाच्या नाकाला दांडा आलेला नसतो. मोठ्या मुलाची फ्रेम दिली तर ती घसरते आणि मूल काचेच्या वरून बघतं. सरकारी चष्म्याच्या निविदेत लहान मापाची, मागे पट्टा असलेली फ्रेम स्पष्ट लिहावी.

पथक आपल्या खात्याचं, अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. पट्टी अंगणवाडीत लावायची तर दोन्ही खात्यांच्या सहीचा एकच आदेश लागेल. तो निघावा, आणि पथकाच्या पुढच्या फेरीआधी सेविकांच्या हातात चित्रांचे तक्ते पडावेत, ही विनंती.

आपला,
पूर्व भागातला एक चष्मेवाला
सोलापूर