येरच्या भिंतीपाशी

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

इथे फ्रान्सात ताईची तब्येत छान आहे. आठवा लागला. पायांवर थोडी सूज येते, पण डॉक्टरीणबाई काळजीचं काही नाही म्हणाल्या. डिंकाचे लाडू केलेत, जावईबापूच जास्त खातात.

सोमवारी फोनवर तू म्हणालास, छोटूला त्याचा हिस्सा वेगळा हवाय, जुनं घर पाडून परसासकट जागेचे दोन भाग करू, तू एकदा हो म्हण. मी गप्प राहिले तर तुला वाटलं मी रागावले. रागावले नव्हते रे. असल्या गोष्टी मला फोनवर सुचत नाहीत. म्हणून सावकाश लिहिते आहे.

रविवारी ताईने मला येरला नेलं. पॅरिसच्या आग्नेयेला वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे, लोकल जाते. गावाला नाव तिथल्या नदीचंच. तिथे कायबॉत कुटुंबाचं घर आहे. पांढरं, पुढे खांबांची ओळ, आणि भोवती अकरा हेक्टर बाग. म्हणजे आपले सत्तावीस एकर! पूर्वी हे नेपोलियनच्या सोनाराचं होतं, बिएनॅ त्याचं नाव. पुढे १८६० साली कायबॉतांच्या वडिलांनी घेतलं. ते कापडाचे व्यापारी, सैन्याला अंथरुणं-पांघरुणं पुरवून श्रीमंत झालेले. पॅरिसात मोठं घर होतंच, हे उन्हाळ्यासाठी. मोठा मुलगा ग्युस्ताव्ह तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. पुढे तो चित्रकार झाला, म्हणून आज लोक हे घर बघायला येतात. आत बिलियर्डचं टेबल, जुने पलंग, सगळं आहे, पण माझा जीव तिथे रमला नाही. मी आपली भाजीच्या मळ्यात जाऊन बसले.

दादा, तो मळा तू बघायला हवा होतास. चारी बाजूंनी उंच भिंत आणि आत भाजी, फुलं, फळझाडं. ताई म्हणाली, पूर्वी इथल्या प्रत्येक मोठ्या घराला असा भिंतीतला मळा असायचा. आता गावातली माणसं हौसेने राबून तो राखतात, पगार नाही काही नाही. भिंत चोरासाठी असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. इथे वसंतात फुलोरा आला की रात्रीची थंडी पडते आणि मोहोर जळतो. भिंत वारा अडवते आणि दिवसभर ऊन पिऊन रात्री ऊब देते. ऊन कललं तेव्हा मी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला तळहात लावून बघितला. चुलीवरून उतरवून ठेवलेला तवा नंतर बराच वेळ कोमट राहतो ना, तशी लागली. गारठा पडल्यावर आपण द्राक्षबागेत शेकोट्या करून धूर करतो, ते काम इथे भिंत करते.

आणि त्या भिंतीला नासपतीची झाडं बांधलेली. बांधलेली म्हणजे खरोखर बांधलेली. मधे खोड सरळ वर, आणि दोन्ही हातांना आडव्या तारांवर फांद्या, एकीवर एक. मला आपले ओलांडेच आठवले, द्राक्षवेलीचे तारेवर धरलेले आडवे हात. मी ताईला म्हटलं, अगं हा तर उभा केलेला मांडव! एक म्हातारे बागवान तिथे कोवळी काडी तारेला बांधत होते. अगदी तुझे बाबा बांधायचे तशी, गाठ सैल ठेवून, म्हणजे काडी जाड झाली तरी सुतळी रुतायला नको. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी सुतळीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि पुढची काडी मी बांधली. एक शब्द बोलायला लागला नाही. त्यांनी गाठ बोटाने हलवून पाहिली आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्याने मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. इथे आल्यापासून दोन महिन्यांनी हाताला काडी लागली होती.

ते गृहस्थ मग ताईला सांगत बसले. पॅरिसच्या पूर्वेला माँत्रॉय म्हणून आहे, तिथे शेकडो वर्षं अशाच गिलावा केलेल्या भिंतींवर पीच पिकवत. फांदीला चिंधी गुंडाळायची आणि चिंधीला खिळा ठोकायचा. एवढ्या थंड मुलुखात पीच, फक्त भिंतीच्या जोरावर.

ताईने फोनवर ग्युस्ताव्हचं एक चित्र दाखवलं, १८७५ च्या सुमाराचं, याच मळ्याचं. दोन माळी झाऱ्यांनी वाफ्यांना पाणी घालताहेत. डोक्यावर गवती टोप्या, कमरेला निळं कापड, आणि पाय उघडे. मालकाच्या मुलाने माळ्यांचे अनवाणी पाय काढलेत, बघ. मागे तीच भिंत. वाफ्यांत रोपांवर घंटेसारखी काचेची झाकणं, थंडी लागू नये म्हणून. त्याने असंच पाहिलं सगळं. घरच्या बायका अंगणात भरतकाम करताहेत त्याचं चित्र, नदीत होड्या वल्हवणाऱ्यांचं चित्र, नदीवर पडणाऱ्या पावसाचं चित्र. त्या भरतकामाच्या चित्रात त्याची आई सगळ्यांत मागे बसली आहे, पुस्तक वाचत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

१८७४ साली ऐन नाताळात ग्युस्ताव्हचे वडील गेले. दोन वर्षांत मधला भाऊ रने गेला, पंचवीस वर्षांचा. १८७८ च्या ऑक्टोबरात आई गेली. आणि पुढच्याच वर्षी मुलांनी हे घर विकून टाकलं. एवढं घर, तो मळा, ती नदी! ताईने हे वाचून दाखवलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. म्हटलं, आई जायचीच वाट बघत होते की काय.

पण ताई पुढे वाचत गेली. घर विकल्यावर ग्युस्ताव्ह आणि धाकटा मार्सियाल हे दोघे पॅरिसात एकाच घरात राहायला गेले. धाकट्याचं लग्न होईपर्यंत, आठ वर्षं, एकत्र. दोघांनी मिळून पोस्टाची तिकिटं जमवली, ती एवढी नावाजली की तो संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दोघे मिळून होड्या चालवायचे. पुढे थोरल्याने सीन नदीच्या काठी, ‘पती-जनव्हिलिए’ नावाच्या ठिकाणी, पुन्हा स्वतःची बाग केली. १८९४ मध्ये तो गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. मित्रांची चित्रं त्याने विकत घेऊन ठेवली होती, मोने, रेन्वार, देगा यांची, आणि ती सगळी सरकारला द्यायची असं रने गेल्यावर लगेच लिहून ठेवलं होतं. सरकार घेईना. तेव्हा रेन्वारच्या जोडीने धाकटा मार्सियाल दोन वर्षं त्यामागे लागला. निम्म्याहून थोडी अधिक अखेर घेतली.

आणि हे येरचं घर हात बदलत राहिलं, शेवटी १९७३ साली गावाने विकत घेतलं. ती भिंत अजून उभी आहे.

तर दादा, माझा होकार आहे. वाटणी करा. घर जुनं झालंय, पाऊस झाला की माजघरात बादल्या ठेवाव्या लागतात, मला काय माहीत नाही का? छोटू मागतोय यात वावगं काही नाही, त्याचाही संसार आहे. तू मात्र फोनवर त्याचं नाव घेताना आवाज बदलतोस. ते मला टोचलं, घराचं तेवढं नाही टोचलं.

कागद करताना वकिलाकडे एकट्याने जाऊ नकोस. विहीर सामाईक ठेवा, सातबाऱ्यावर तसं लिहून घ्या. परसाची दगडी भिंत पाडायची घाई करू नका, तिच्या आडोशाचा लिंबू अजून धरतो. आणि मशीन यायच्या आधी घर मोजून घ्या, खोली न् खोली, माळ्यासकट, देवळीसकट. फोटो नकोत नुसते, मापं हवीत. टेपचं एक टोक तू धर आणि दुसरं छोटूला धरू दे.

द्राक्षाच्या खरड छाटणीनंतरची विरळणी उरकली का ते कळव. सुनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. छोटूलाही हेच पत्र पाठवते आहे, शब्द न् शब्द.