‘साभार पोच’ पुन्हा सुरू करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत मराठी पुस्तकांच्या घटत्या आवृत्तीवर लेख आला होता. हजाराची आवृत्ती पाचशेवर आली, पाचशेची तीनशेवर, आणि आता तर मागणी येईल तशा पन्नास-पन्नास प्रती काढतात, असा त्याचा सूर. सूर खोटा नाही. पण लेखकाने सगळी चौकशी मोठ्या दुकानांत आणि मोठ्या प्रकाशकांकडे केलेली दिसते. तीनशे प्रती छापल्यावर त्या तीनशेचं पुढे काय होतं, हे विचारायला तो कुणाकडे गेला नसावा. मी त्या तीनशेतलाच लेखक आहे, म्हणून हे पत्र, आणि एक विनंती: नव्या पुस्तकांची नोंद देणारं आपलं ‘साभार पोच’ हे जुनं सदर पुन्हा सुरू करा.

माझी चार पुस्तकं आहेत. ती काढणारं प्रकाशन एक नवरा-बायको चालवतात. अक्षरजुळणी ती करते, छापखान्याच्या फेऱ्या तो मारतो, आणि गोदाम म्हणजे त्यांच्या घरातल्या दिवाणाखालची जागा. पुस्तकांची नावं सांगत नाही. सांगितली तर हे पत्र राहणार नाही, जाहिरात होईल.

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात मी एकतीस वर्षं हिशेब लिहिला. हातची सवय जात नाही, तेव्हा प्रत्येक पुस्तकाची एक वही ठेवतो. कोणती प्रत कुणाला गेली, कशी गेली, पैसे आले का, आणि शेवटचा रकाना ‘काय म्हणाले’. हा शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच असतो, पण तो आखल्याशिवाय मला वही पुरी वाटत नाही.

तिसऱ्या पुस्तकाची वही आत्ता समोर आहे. पहिल्या चार ओळी सरकारी आहेत. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत तीस दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय या चार ठिकाणी पाठवायची असते. आमचा प्रकाशक ती नेमाने पाठवतो. मी स्वतः भुसावळच्या पुढे फार गेलेलो नाही. माझ्या कथा मात्र कन्नेमारात आहेत. घरात हे सांगितलं तर नात विचारते, तिथे मराठी कोण वाचतं? मलाही तोच प्रश्न आहे, पण मी तो तिच्यापुढे कबूल करत नाही.

त्यानंतरच्या नोंदी अशा. वर्तमानपत्रं आणि मासिकं मिळून पाच ठिकाणी अभिप्रायार्थ दोन-दोन, म्हणजे दहा. ग्रंथालयांना 62. आमच्या अमळनेरला फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं साहित्य संमेलन झालं, तिथे प्रकाशकाच्या टेबलामागे मीच स्टूल टाकून बसलो होतो. तीन दिवसांत 31. हाताने आणि टपालाने 58. आणि 22 प्रती ‘बदली’. सगळ्या मिळून 187. उरलेल्या 113 दिवाणाखाली.

बदलीचा अर्थ सांगायला हवा. माझ्यासारखाच कुणी तीनशे प्रतींचा लेखक लातूरला असतो, कुणी सावंतवाडीला, कुणी यवतमाळला. मी त्याला माझं पुस्तक पाठवतो, तो मला त्याचं. पैशांचा संबंध नाही. वस्तुविनिमयाचा हा व्यवहार माझ्या वाचनाचा मोठा भाग झाला आहे. वर्षाकाठी मी चाळीसेक पुस्तकं वाचतो. त्यातली निम्मी तरी अशी, जी आमच्या गावात कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत. मिठागरातल्या मजुरीवर, हळदीच्या सौद्यावर, नर्सच्या रात्रपाळीवर लिहिलेली. काही फार कच्ची असतात, काहींत शुद्धलेखनाचा आनंदच असतो. पण हळदीच्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव कसा ठरत असे, हे मला कुठल्याही नामवंत कादंबरीने सांगितलं नव्हतं. वाचून झालं की पत्र लिहितो. पोस्टकार्ड संपली तर व्हॉट्सअ‍ॅपवर, पण चार ओळी लिहितोच. नुसता अंगठा दाखवून पुस्तकाची पोच देता येत नाही, असं माझं मत आहे.

ग्रंथालयातल्या 62 प्रतींकडे तुमच्या लेखकाचं लक्ष गेलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. आपल्याकडे 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं गावोगाव आहेत. त्यांची दशा काय आहे ते मी सांगायला नको. पण तिथली प्रत म्हणजे एक वाचक नव्हे. इथल्या एका वाचनालयातली माझ्या पुस्तकाची प्रत मी परवा काढून मागची चिठ्ठी पाहिली: दोन वर्षांत 19 शिक्के. त्याच प्रतीत एका कथेत मी श्रावणात कपाशीची वेचणी लावली होती. समासात कुणीतरी पेन्सिलने लिहिलं आहे, ‘श्रावणात वेचणी? कोणत्या गावात?’ जन्म जिनिंगमध्ये गेला आणि ही चूक माझ्या हातून झाली! पंचमीचा झोका त्या कथेत हवा होता आणि वेचणीही हवी होती, दोन्हींचा मोह आवरला नाही. आजवर त्या पुस्तकावर आलेला सगळ्यांत नेमका अभिप्राय तोच. शेवटच्या रकान्यात मी तो उतरवून घेतला आहे. नाव माहीत नाही, म्हणून ‘पेन्सिलवाले’ एवढंच लिहिलं.

लिहिण्याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. पहाटे पाच ते साडेसहा लिहितो, दूध येईपर्यंत. खरा वेळ जातो तो मुद्रितं (प्रुफं) तपासण्यात. युनिकोडमधला मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये नेला की ‘सुऱ्या’ची ‘सुर्या’ होते आणि ‘दऱ्या’ची ‘दर्या’. डोंगरातली माणसं एकदम समुद्रात. तीन-तीनदा वाचूनही एखादी राहतेच. शिवाय हिशेब फॉर्मचा असतो. सोळा पानांचा एक फॉर्म, आठ फॉर्मचं 128 पानांचं पुस्तक. माझी शेवटची कथा दोन पानं पुढे गेली, तेव्हा प्रकाशकाने संकोचत विचारलं, ‘काका, दोन पानं कमी होतील का? नाहीतर नववा फॉर्म लागेल.’ कमी केली. कथा सुधारली, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

पैशांचं थोडक्यात. पुस्तकावर जीएसटी नाही पण कागदावर आहे, तेव्हा तो शेवटी प्रकाशकाच्याच अंगावर पडतो. वितरकाकडे दिलं तर किमतीतले शंभरामागे चाळीस ते पन्नास तिथेच जातात. म्हणून आमच्यासारख्यांचा सगळा भार टपालावर. रजिस्टर्ड बुक पोस्टची जुनी सवलत डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, तेव्हा आमच्या प्रकाशकाने महिनाभर एकही पुडकं बांधलं नव्हतं. मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. आठ फॉर्मचं पुस्तक तीनशे ग्रॅमच्या आत बसतं. आता जाड पुठ्ठा टाळून मी दोरीने बांधतो आणि घरच्या वजनकाट्यावर आधी तोलून पाहतो. हे सगळं लेखकाने करायचं का, असं एका तरुण कवीने मला विचारलं होतं. आमच्या गावात साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवत होते, छात्रालयाचं काम पाहत होते. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढत. रोज. मी त्या कवीला एवढंच सांगितलं, आणि सुतळीचा गुंडा दिला.

लहान प्रकाशन म्हणजे दुय्यम लिखाण, हा समज तुमच्या लेखातही कुठेतरी डोकावतो. कवी अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह 1977 साली अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने काढला. तो मी जळगावात एका दुकानात मागितला, तर मालक म्हणाला, ‘प्रास, यमक, वृत्त... व्याकरणाचं कपाट तिकडे.’ पुढे त्याच प्रासने काढलेल्या ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी मिळालं, तोवर कोलटकर गेलेले होते. साठच्या दशकातली अनियतकालिकं तर निघतील तेव्हा निघत आणि सापडतील त्यालाच सापडत. आम्ही कुणी कोलटकर नाही, हे मला पेन्सिलवाल्यांनी सांगण्याआधीपासून माहीत आहे. सांगायचं एवढंच की पुस्तक आहे ही खबर वाचकापर्यंत जायची वाट तेव्हाही अरुंद होती, आणि त्या वाटेवरचा एक दिवा तुमच्याकडे होता.

तो म्हणजे ‘साभार पोच’. आपल्या रविवारच्या अंकात पूर्वी कोपऱ्यात हे सदर असे. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशकाचा पत्ता, पानं, किंमत. संपलं. परीक्षण नाही, छायाचित्र नाही. मी 1986 साली त्या बारीक टायपातून एका कवितासंग्रहाचा पत्ता उतरवून घेतला आणि अठरा रुपयांची मनिऑर्डर केली. पंधरा दिवसांनी पुस्तक आलं, आत चिठ्ठी: ‘पैसे पाठवून मागवणारे तुम्ही चौथे. उरलेले तिघे नातेवाईक आहेत.’ कवी आणि प्रकाशक एकच होता. आमचा पत्रव्यवहार अकरा वर्षं चालला. मी लिहू लागलो तो त्याच्या आग्रहामुळे.

आमच्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल ते सदर ब्लेडने कापून एका फुलस्केप वहीत चिकटवत. मार्चमध्ये खरेदीची यादी करायची वेळ आली की ती वही बाहेर निघे. सभासद येऊन बोट ठेवत: हे मागवा, ते नको, हा माणूस आमच्या आतेभावाच्या गावचा आहे. आताचे ग्रंथपाल वितरक आणून देतो त्या यादीवर खुणा करतात. त्यांचा दोष नाही. दुसरी यादी त्यांना कुठून मिळणार?

सदर कधी बंद झालं हे मला नेमकं सांगता येईल, कारण मी त्या रविवारपासून तीन आठवडे अंक उलटसुलट करून पाहिला होता. पण तारखेचा वाद घालायचा नाही. आता पुस्तक परिचयाच्या जागी लेखकाची मुलाखत येते, ती बरी असते. त्या पानावर एका कॉलमात चार इंच जागा काढा. मजकूर लिहायला माणूस लागणार नाही. पुस्तकाच्या चौथ्या पानावर सगळं छापलेलं असतं, नुसतं उतरवायचं. टाईप डोळे फुटतील इतका बारीक असला तरी चालेल, आम्ही भिंग घेऊन वाचू. पत्त्याऐवजी आता फोन नंबर छापावा, मनिऑर्डर कुणी करत नाही.

सुरुवात माझ्या पुस्तकापासून करू नये. माझ्या चौथ्या पुस्तकाच्या दोन प्रती रीतीप्रमाणे आपल्याकडे आलेल्याच आहेत. वहीत त्यांचे अनुक्रमांक 5 आणि 6. त्या परत नकोत. कचेरीत कुणी त्यातली एखादी घरी नेली असेल, तर ती त्यांच्याकडेच राहू द्यावी, फक्त शेवटच्या रकान्यासाठी दोन शब्द कळवावेत. पेन्सिलने लिहिले तरी चालतील.

आपला,
एक जुना वाचक, अमळनेर (जि. जळगाव)
(नाव छापू नये, ही विनंती.)