फलाटावर एक डबा बिनगव्हाचा ठेवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की सगळ्या पेपरांत एका दिवसाच्या सहलींची पानं यायला लागतात, कुठं जायचं, काय बघायचं आणि काय खायचं. त्यातलं शेवटचं वाचून आमच्या घरात दरवेळी एकच प्रश्न येतो, की आई, यातलं मला काय चालतं? म्हणून हे पत्र लिहिते आहे, जरा मोठं झालं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी आता बारावीला आहे. चौथीत असताना तिची उंची वाढायची थांबली, पोट सारखं फुगलेलं, आणि लोहाच्या कितीही गोळ्या दिल्या तरी हिमोग्लोबिन काही वर येईना. जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी टेस्ट करायला लावली, मग दुर्बिणीतनं लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सिलिॲक डिसीज निघाला. गहू, जव आणि राय (हे परदेशातलं धान्य, आपली मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रोटीन असतं, ते पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर चालून जातं, आतली बारीक लव झडते आणि खाल्लेलं अंगाला लागत नाही. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, जन्मभर ही धान्यं बंद एवढंच औषध. जगात साधारण शंभरातल्या एकाला हे असतं म्हणतात आणि त्यातल्या कित्येकांना माहीतच नसतं. वजन उतरवायला चार दिवस चपाती सोडतात ते वेगळं आणि हे वेगळं, एवढं एकदा लोकांच्या लक्षात आलं तरी आमचं निम्मं काम होतं.

आता रेल्वेचं. आम्हाला गाडीचा प्रवास लई आवडतो आणि कोल्हापूर त्याला सोयीचं आहे. 1891 पासून आपली मिरजेपर्यंतची लाईन आहे, संस्थानानं बांधलेली. तासाभराचा रस्ता, रुकडीला पंचगंगेचा पूल, हातकणंगले, मग शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं जयसिंगपूर, पुढं अंकलीजवळ कृष्णा ओलांडली की मिरज जंक्शन. तिथनं सांगली, किर्लोस्करवाडी, सातारा, पुणे एका बाजूला, बेळगाव दुसऱ्या बाजूला, पंढरपूर-कुर्डुवाडी तिसऱ्या बाजूला. सकाळी निघून रात्री घरात यायला एवढं कुठल्या शहराला मिळतं सांगा. पण एस्टीनं किंवा गाडी करून गेलं तर कुठंही थांबून बघता येतं, रेल्वेत तसं नाही, फलाटावर जे आहे ते घ्यायचं नाहीतर उपाशी बसायचं. आणि कुठल्याही फलाटावर बघा, वडापाव, समोसा, ब्रेड पॅटीस, बिस्कीट, केक, सगळा गहू आणि मैदा. इडली असली तर सांबारात हिंग.

हिंगाचं म्हटल्यावर लोक माझ्याकडं बघतच राहतात. हिंगात कुठनं आला गहू? आपण जो डबीतला हिंग वापरतो तो बांधणी हिंग, म्हणजे खरा हिंग थोडा आणि बाकी डिंक आणि पीठ, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. घरातल्या डबीमागची बारीक अक्षरं आत्ता वाचून बघा. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो, तो शोधायला मला वर्ष गेलं. म्हणजे पोहे तांदळाचे, पण फोडणी घातली की आमच्या उपयोगाचे नाहीत. आपली कांदा-लसूण चटणी तशीच, बाहेरची असेल तर आम्ही हात लावत नाही. थालीपीठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात गहू नाहीतर जव, भजी बेसनाची पण समोशाच्या तेलात तळलेली. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस दुकानात उभं राहून पाकिटंच वाचत बसतो.

पण आपल्या भागात जन्माला आलो हे या आजारात नशीबच म्हणायचं. आपलं मूळ जेवण बघा की. शाळूची भाकरी, नाचणी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मटणाबरोबर भाकरी, पांढऱ्या रश्श्यात खोबरं आणि खसखस, गोडाला गूळ. यात गहू कुठं आहे? पाव आला तो मिसळीबरोबर आणि चपाती आली ती पैसे आले तशी. आमच्या आजीच्या घरात चपाती सणालाच व्हायची. म्हणजे माझ्या मुलीला जे चालतं ते आपलंच आहे, आणि घराबाहेर पडलं की तेच नेमकं मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता एक प्रसंग सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही रेल्वेनं सांगलीला गेलो होतो, गणपती मंदिर बघितलं, कृष्णेच्या घाटावर बसलो, आणि डबा सकाळीच गाडीत संपलेला म्हणून एका खानावळीत गेलो. बाहेर पाटी होती ज्वारीची भाकरी. विचारून खात्री केली, म्हणाले होय होय शुद्ध ज्वारी. पान आलं, अर्धी भाकरी खाऊन झाली आणि मुलगी थांबली. म्हणाली, आई हे बघ, आणि उरलेली भाकरी दुमडून दाखवली. पोळीसारखी दुमडली. ज्वारीची भाकरी दुमडत नाही, मोडते, कडेला चिरा असतात, पापुद्रा सुटतो आणि आत हाताच्या बोटांचे ठसे दिसतात. ही गुळगुळीत होती. मी आत गेले, थापणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या साधेपणानं म्हणाल्या, "थोडी कणीक घालायला लागती वैनी, नाहीतर मोडती, गिऱ्हाईक कुरकुरतंय." त्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण परतीच्या गाडीत जयसिंगपूर जायच्या आत पोरीचं पोट दुखायला लागलं, रात्रभर उलट्या, पुढचे तीन दिवस अंथरुणात, युनिट टेस्ट बुडाली. त्यानंतर वर्षभर ती बाहेर जेवायलाच बसली नाही, मैत्रिणींच्या वाढदिवसालासुद्धा जाऊन नुसतं पाणी पिऊन यायची.

मग आम्ही आमचं शोधायला लागलो आणि एक गोष्ट सापडली, ती सगळ्या सिलिॲकवाल्या घरांना सांगायची आहे. उपवास! साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, शेंगदाणे, दही, यातल्या कशातच ग्लूटेन नाही, आणि फोडणी जिऱ्याची, उपवासाला हिंग कुणी घालत नाही. शिवाय उपवासाचं भांडं, तेल, कालथा वेगळा ठेवायची आपल्याकडं शिस्त आहे, ती कुणाला शिकवावी लागत नाही. डॉक्टर ज्याला क्रॉस कंटॅमिनेशन म्हणतात ना, म्हणजे चालणाऱ्या पदार्थाला गव्हाचा कण लागणं, ते टाळायचं आपल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या येतंय, फक्त नाव वेगळं. म्हणून आता आम्ही बाहेर गेलो की ग्लूटेन-फ्री हा शब्दच काढत नाही, सरळ विचारतो उपवासाचं काय आहे, आणि तेल वेगळं आहे का. दहातल्या आठ ठिकाणी काम होतं.

आणि त्यातनंच आमची सगळ्यात चांगली सहल झाली ती पंढरपूरची, एकादशीला. आषाढी-कार्तिकीची नाही, तेव्हा गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, साधी महिन्याची एकादशी. मिरजेत गाडी बदलली, दर्शन झालं, चंद्रभागेवर गेलो आणि गावात बघावं तिथं साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी. माझ्या मुलीनं आठ वर्षांत पहिल्यांदा रस्त्यावरच्या गाडीवर उभं राहून, दुसऱ्यांसारखी, कागदाच्या प्लेटमधे गरम खाल्लं. दुसरी प्लेटपण घेतली. मी बाजूला जाऊन डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. येताना प्रसाद म्हणून चुरमुरे, फुटाणे, बत्तासे, तेही सगळं चालणारं.

मिरजेची सहलपण छान होते, खाणं डब्यातलं न्यायचं आणि सितारमेकर गल्लीत जायचं. तिथले सतार-तंबोरे बनवणारे कारागीर पोरांना प्रेमानं दाखवतात, भोपळा कसा कापायचा, तारा कशा जुळवायच्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं, आणि त्याच मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही जीआय आहे. तेच आमच्या पोरीनं ध्यानात ठेवलं, म्हणाली माझी भाकरी आणि तंबोरा एकाच गावचे. जयसिंगपूरला उतरून नरसोबाच्या वाडीला जाता येतं, बासुंदी आणि कवठाची बर्फी, फक्त घट्टपणासाठी काही पीठ घातलंय का एवढं विचारून घ्यायचं.

डबा नेणाऱ्यांसाठी दोन शब्द. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत वातड होते, त्यापेक्षा तांदळाच्या पिठाची उकड काढून केलेली भाकरी ओलसर पंचात गुंडाळली तर संध्याकाळपर्यंत मऊ राहते. आणि पीठ कुठं दळलं ते बघा. गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर जात्याच्या दगडात राहिलेलं गव्हाचं पीठ पहिल्या किलोभर ज्वारीत उतरतं. आमच्या गिरणीवाल्या काकांना समजावून सांगितलं, तर ते आता आमचं दळण सोमवारी सकाळी, गिरणी झाडून, आधी कुणाचे तरी तांदूळ टाकून मगच घेतात. आठ वर्षांत एकदाही चुकले नाहीत. ग्लूटेन-फ्री म्हणायला किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, किलोला 20 मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतसुद्धा येणार नाही एवढं, म्हणून "थोडंसं चालतं की" असं आम्हाला कुणी म्हणू नये.

आता मागणी. पाकिटावर गहू असल्याचं छापायची सक्ती आहे, दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूवरही ॲलर्जीची माहिती द्यावी लागते, पण फलाटावरचा स्टॉल आणि आपली खानावळ यात येत नाही. आणि आमचा प्रवास तर त्यांच्यावरच अवलंबून. 2022 च्या नोव्हेंबरमधे रेल्वेनं गाडीतल्या मेन्यूत डायबेटिसवाल्यांचं जेवण, लहान बाळांचं खाणं, भरडधान्याचे पदार्थ घालायची मोकळीक दिली. 2023 हे तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्षच होतं, ज्वारी-नाचणीची केवढी भाषणं झाली. मग ती भाकरी फलाटापर्यंत का येत नाही? एक स्टेशन एक उत्पादन म्हणून स्थानिक मालाचे स्टॉल रेल्वे देते, तसाच एक स्टॉल कोल्हापूरला आणि एक मिरजेला एखाद्या महिला बचत गटाला द्या. फार काही ठेवायला नको. बंद डब्यात दोन भाकरी, पिठलं नाहीतर उसळ, तांदळाच्या पिठाच्या हिंगातलं, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, गुळाची चिक्की, आणि डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, यात गहू, मैदा, रवा, जव नाही. त्या स्वयंपाकघरात कणकेचा डबाच आणायचा नाही, एवढी एकच अट. हे नुसतं सिलिॲकवाल्यांसाठी नाही, डायबेटिसवाले घेतील, म्हातारी माणसं घेतील, कोल्हापूरची भाकरी म्हणून पुण्या-मुंबईचे पाहुणे तर आधी घेतील. रेल्वेच्या अमृत भारत स्टेशन योजनेत आपल्या स्टेशनचं काम निघालंय, तेव्हाच कोपऱ्यात एवढी जागा ठेवली तर नंतर भिंती फोडायला लागणार नाहीत.

लोकप्रतिनिधी आणि रेल्वे प्रवासी संघटनांनी हा विषय वर न्यावा आणि आपण तो छापावा ही विनंती. ज्या घरात असं मूल आहे त्यांनीही पत्रं लिहावीत, एकट्या बाईच्या पत्रानं काही हलत नाही. आणि एखाद्या बचत गटानं मनावर घेतलं तर परात, तवा आणि पिठाचा डबा कसा वेगळा ठेवायचा ते मी येऊन शिकवीन, पहिला महिनाभर सकाळच्या गाडीच्या आधी वीस भाकरी मी स्वतः थापून देईन, डब्यावर लावायच्या "यात गहू नाही" च्या कागदासकट.

आपली,
एक आई
शाहूपुरी, कोल्हापूर