दोन विषय, एकच प्रयोगशाळा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी बडोद्यात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वितरित डेटाबेसच्या (एकच माहितीसाठा अनेक संगणकांवर वाटलेला) तिच्या जर्नलमध्ये ‘टू-फेज कमिट’ची, म्हणजे सगळ्या संगणकांनी बदल एकत्र पक्का करण्याच्या दोन टप्प्यांच्या पद्धतीची, सुबक आकृती आहे. मुख्य सर्व्हर सगळ्यांना विचारतो, ‘तयार?’ सगळे ‘हो’ म्हणाले की सांगतो, ‘करा कमिट.’ डेटाबेसचे संशोधक जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये हे लिहून ठेवलं. मी विचारलं, सगळ्यांनी ‘हो’ म्हटल्यावर मुख्य सर्व्हरच बंद पडला तर? म्हणाली, “बाबा, बाकीचे लॉक धरून बसतात, म्हणजे ती नोंद दुसऱ्या कुणाला बदलू देत नाहीत. असं पुस्तकात आहे.”

पाहिलेलं मात्र नाही, कारण प्रॅक्टिकलला तिन्ही डेटाबेस एकाच संगणकावर चालतात. तुटायला केबलच नाही! डेटा कम्युनिकेशन आधीच्या सत्रात होऊन गेलं, वेगळ्या सरांकडे: नेटवर्कच्या ओएसआय आराखड्याचे सात थर, निरोपातली चूक पकडणाऱ्या सीआरसीचे भागाकार. दोन्ही विषयांची गाठ कुठेच पडत नाही.

खरी अडचण तर दोहोंच्या मधेच आहे. समोरून उत्तर आलं नाही, तर यंत्र मेलं की निरोप वाटेत रखडला, हे इकडून कळत नाही. यूपीआयवर खात्यातून पैसे जातात, दुकानदाराला पोचत नाहीत आणि ‘पेंडिंग’ दिसतं, तेव्हा हेच चाललेलं असतं. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि २००२ मध्ये सिद्ध झालेला कॅप सिद्धांत मुलं ‘तिनापैकी दोन निवडा’ असा पाठ करतात: सगळीकडे एकच उत्तर, नेहमी उत्तर मिळणं आणि नेटवर्क तुटलं तरी चालणं. पण नेटवर्क तुटणं आपण निवडत नाही, ते तुटतंच. तुटल्यावर चुकीचं उत्तर द्यायचं की उत्तरच द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात उरतं.

यासाठी मोठी खरेदी नको. तीन जुने संगणक आणि ते जोडायला एक नेटवर्क स्विच पुरे. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, लिनक्समध्ये ‘नेटएम’ या सोयीने पॅकेट (निरोपाचे तुकडे) मुद्दाम उशिरा पाठवता येतात, गाळताही येतात. पोस्टग्रेसमध्ये एक नोंद बदला, ‘प्रिपेअर ट्रान्झॅक्शन’ (म्हणजे ‘तयार’ची कमांड) देऊन केबल काढा आणि दुसरीकडून तीच नोंद बदलून बघा. कमांड लटकते. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला तरी लॉक सुटत नाही, कुणीतरी कमिट किंवा रोलबॅक (बदल रद्द) सांगावंच लागतं. (हाताने करून शिकण्यासाठी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा निघाली ती याच गावात, म्हणून जास्त वाटतं.)

विद्यापीठांनी दोन्ही विषयांचं प्रॅक्टिकल एकत्र घ्यावं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी स्वतः केबल काढून ‘आता काय होईल?’ असं विचारावं. त्यासाठी जुने संगणक भंगारात जाण्याआधी बाजूला काढून ठेवावेत, ही विनंती.

— एक पालक, दांडिया बाजार, बडोदे