आबा, पुढं ऐका

ताई,

वाचनालयाच्या पुस्तकाची तारीख उलटून १९ दिवस झालेत. दंडाची पावती फाडा, सूट देऊ नका. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण पुढं गेल्यावर माझं चित्त ठिकाणावर राहणार नाही आणि दंडाचं तसंच राहून जाईल.

हे तोंडानं सांगायला परवा आले होते. तुम्ही टेबलापाशी दोन पोरांना एकच चित्रकथा दोघांनी कशी वाचायची ते समजावत होतात. मी रॅकच्या आड पाच मिनिटं उभी राहिले, घसा दाटला, आणि ‘नंतर येते’ म्हणून चपला घालून सरळ बाहेर. म्हणून हे उघडं पत्र. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण तुम्ही काय केलंत ते तुम्ही स्वतः कुणाला सांगायच्या नाहीत, आणि चार लोकांना ते कळायला हवं.

आमचे आबा एसटीत ड्रायव्हर होते हे तुम्हाला बोलले होते. निम्मी नोकरी कुंभार्ली घाटात गेली त्यांची. कऱ्हाड-चिपळूण, चिपळूण-कऱ्हाड. कुठल्या वळणावर धुकं बसतं, कुठली दरड पावसाच्या तिसऱ्या दिवशी सुटते, सगळं पाठ. मुक्कामी गाडी घेऊन गेले की रात्री गाडीतल्याच दिव्याखाली वाचत बसायचे. एकदा कुणी प्रवासी सीटवर पुस्तक विसरला. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत. कॅनडाच्या उत्तरेचा युकॉन, सोनं शोधायला निघालेली माणसं, कुत्र्यांच्या गाड्या, सहा-सहा महिन्यांचा हिवाळा. सापडलेली वस्तू त्याच दिवशी डेपोत जमा करायची असते. ते पुस्तक दोन दिवस उशिरा जमा झालं, एवढी एक गफलत आबांनी नोकरीत केलेली मला माहीत आहे.

तेव्हापासून बर्फाचं वेड. ज्या माणसानं आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीगृहातला, नाहीतर एका डिसेंबरात महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ गाडीच्या टपावर जमलेले हिमकण, तो माणूस जेवताना आम्हाला सांगायचा की चामड्याचे बूट ओले झाले तर पायाची बोटं कशी काळी पडतात. आई म्हणायची, भात गार होतोय तेवढा बघा आधी.

मग साखरेनं डोळे नेले. उजवा पूर्ण. डाव्यात अगदी कडेला थोडा उजेड राहिला, मधोमध काळं. दवाखान्याच्या फेऱ्यांबद्दल लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे. पाच महिने आबा भिंतीकडं तोंड करून पडून होते. जेवलात का, तर ‘हं’. दुखतंय का, तर ‘हं’. ज्याच्या बडबडीनं आम्ही वैतागायचो, त्याच्या तोंडून दुसरा शब्द ऐकायला तरसलो.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. एक नातेवाईक म्हणाले, हरिपाठ वाचून दाखव, या वयात बर्फातल्या गोष्टी काय करायच्यात? (हरिपाठ आबांना तोंडपाठ आहे. पाठ असलेलं काय वाचून दाखवायचं?) भाच्यानं मोबाइलमध्ये वाचून दाखवणारी बाई लावून दिली. तिला ‘कुत्रा गुरगुरला’ आणि ‘पान क्रमांक बारा’ दोन्ही एकाच सुरात. शहरातल्या एका मोठ्या वाचनालयात गेले तर तिथल्या गृहस्थांनी संगणकाकडं न बघताच सांगितलं, तसलं आता कुणी वाचत नाही. म्हटलं, मी वाचणार आहे. म्हणाले, मग तुम्ही एकट्याच. आणखी एका ठिकाणी शिकारकथांचं एक पुस्तक मिळालं. परत करायला गेले तेव्हा वाळवीनं खाल्लेली पानं दाखवून ‘ही तुमच्याकडं असताना झालीत’ म्हणत अनामत कापून घेतली. आठ दिवसांत वाळवी लागते होय? पण भांडायचं त्राण नव्हतं.

तुमच्याकडं तर मी विजेचं बिल भरून येताना सहज शिरले होते. तुम्ही स्टुलावर चढून माळ्यावरचं बर्फातल्या गोष्टींचं ते पुस्तक काढलंत, पदरानं धूळ पुसलीत आणि देण्याआधीच सांगितलंत, “शेवटचा फॉर्मा, म्हणजे शेवटची काही पानं, गेलाय हं याचा. शेवटची गोष्ट अर्धीच आहे.” मी म्हटलं, अर्धी तर अर्धी.

पहिल्या दिवशी प्रस्तावना वाचली. १८९६ च्या ऑगस्टमध्ये युकॉनमधल्या क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोनं सापडलं, लाखभर माणूस घरदार सोडून निघाला, पोचले त्यातले तीस-चाळीस हजार. वर्षभर पुरेल एवढा शिधा आणि सामान बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस हद्दीत घेत नव्हते. टनाच्या आसपास ओझं, चिलकूट खिंडीच्या चढावरून, पाठीवर, खेपा करकरून. इथं भिंतीकडून आवाज आला, “टन म्हंजे टपावर किती पोती?” मी पुस्तक हातातून टाकलंच. अठरा-वीस होतील, म्हटलं. “आन् खेप किती पोत्यांची?” पाच महिन्यांनी माणूस प्रश्न विचारत होता, आणि मला गणित येत नव्हतं.

तिथून रोज दुपारी वाचन. बाहेर मे महिन्याचं ऊन, पत्रा तापलेला, आणि आत आम्ही दोघं गोठलेल्या नदीवरून चाललेलो. आई आत-बाहेर करता करता उंबऱ्यात बसायला लागली. असल्या गोष्टी ऐकताना आपण त्या माणसाच्या मागं दहा पावलांवर चालत असतो ना, त्याला ओरडून सांगावंसं वाटतं आणि त्याला ऐकू जात नाही, तसं आमचं तिघांचं झालेलं.

शेवटची गोष्ट अमेरिकन लेखक जॅक लंडनची, आग पेटवू पाहणाऱ्या माणसाची. माणूस एकटा, मागं एक कुत्रा, थंडी उणे ७५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापात उणे ५९. तो थुंकतो आणि थुंकी जमिनीवर पडायच्या आत हवेतच तडकते, त्यावरून तो थंडीचा अंदाज घेतो. आबा लगेच, “टायरला टॉमीचा दांडा मारून हवा बघतो तसं.” एका जुन्या जाणत्यानं त्याला बजावलेलं असतं, इतक्या थंडीत एकट्यानं निघू नये. हा निघतो. बर्फाखाली झऱ्याचं न गोठलेलं पाणी असतं, पाय आत जातो, नडगीपर्यंत भिजतो. आता पाय वाळवायचे तर आग हवी. तो पेटवतो, चांगली पेटवतो, पण झाडाखाली. जळणासाठी बुंध्याजवळच्या काटक्या ओढतो, दर ओढीला झाड जरासं हलतं, आणि वरच्या फांदीवरचा बर्फ खालच्या फांदीवर, तिथला आणखी खालच्या, असं करत सगळा ढीग आगीवर.

“दरडीखाली गाडी लावली की रं गड्यानं!” आबा उठून बसले. स्वतःचे स्वतः, कठड्याला धरून.

आणि तिथंच पान संपलं. पुस्तकच संपलं.

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. काड्या उरल्या असतील का? असतील, म्हटलं. “मग पेटवंल. बोटं चालली तर पेटवंल.” इंजेक्शन द्यायला येणाऱ्या पोराला विचारलं, बोटं बधिर झाली तर काडी कशी धरशील? तो बिचारा म्हणाला, दातात. आबांना ते पटलं. रात्री दोनला मला हाक मारून विचारलं, कुत्र्याच्या अंगात हात घालून ऊब घेता येईल का? मी तुमच्याकडं येऊन रडकुंडीला येऊन म्हटलं होतं, “आमच्या आबांनी भंडावून सोडलंय, पुढं काय होतं तेवढं सांगा.” तुम्ही हसलात. म्हणालात, “सांगून कसं चालेल? बुधवारी या.”

बुधवारी तुम्ही खाकी पाकीट दिलंत. दोन पाकिटं, खरं तर. एकावर १, एकावर २.

त्या पहिल्या पाकिटात वाचनालयाच्या जुन्या सभासद-अर्जांचे पाठकोरे कागद होते. १७. मोबाइलवर मूळ इंग्रजी उघडून तुम्ही उरलेली गोष्ट स्वतः मराठीत उतरवलीत. नवव्या पानापर्यंत निळी शाई, पुढं काळी. एका ठिकाणी ‘स्प्रूस’ लिहून खोडलंय, वर ‘सूचिपर्णी’ लिहून तेही खोडलंय, शेवटी ‘देवदारासारखं ते झाड’. त्या खाडाखोडीकडं मी किती वेळ बघत बसले होते. दिवसभर वाचनालय, संध्याकाळी घर, आणि मग हे. कुठल्या तासांत लिहिलंत?

पण ताई, हे पत्र त्या १७ पानांसाठी नाही. सगळ्यात वर एक वेगळा कागद होता, आडवा. त्यावर जाड काळ्या मार्करनं तीनच शब्द, वीतभर उंचीची अक्षरं, एसटीच्या पाटीवर असतात तशी. ‘आबा, पुढं ऐका’. मला वाटलं, वरचं कव्हर असेल. बाजूला ठेवला. आबा म्हणाले, “ते काळं काय हाय?” मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या डोळ्याच्या कडेला नेला, मान कोंबडीसारखी वाकडी केली, कागद पुढं-मागं केला. आ. बा. मग थांबले. पुढं. मग बऱ्याच वेळानं, ऐका.

पाच महिन्यांत त्यांनी वाचलेले पहिले तीन शब्द. आणि पहिला शब्द ते स्वतःच.

तुम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. मी बोलता बोलता एकदाच सांगितलं होतं, डाव्या डोळ्याच्या कडेला थोडं दिसतं म्हणून. तेही पावती लिहिताना, तुमचं लक्ष नाही असं समजून. ज्यांना पैसे मोजून तेच सांगितलं होतं त्यातल्या एकालाही मोठ्या अक्षरात काही लिहून बघावंसं वाटलं नाही. मलाही सुचलं नाही, मुलगी असून. माणुसकी राहिली नाही म्हणतात लोक. आहे की, पण अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात, तुटपुंज्या पगारावर, लाकडी स्टुलावर चढून पुस्तकं काढते.

आबा बराच वेळ कागद मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, “वाच.”

वाचलं. सत्तर काड्या एकदम पेटल्या, तळवा भाजला, आग लागली आणि विझली. कुत्र्याला मारून त्याच्या उबेत हात घालायचा विचारही त्या माणसाच्या मनात आला. आबांच्या रात्री दोनच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तेराव्या पानावर होतं. शेवटी तो शांत बसला आणि झोपला. कुत्रा वाट बघून बघून मुक्कामाच्या दिशेनं गेला. आईनं पदर तोंडाला लावलेला. आबा म्हणाले, “बराबर लिवलंय. घाटात असंच हुतं. कुनी वाईट नसतं, चूक एकच असती.”

दुसऱ्या पाकिटावरची तुमची चिठ्ठी तेव्हा वाचली. याच लेखकानं १९०२ साली मुलांच्या मासिकासाठी हीच गोष्ट लिहिली होती, त्यात माणूस वाचतो. आपण ऐकली ती १९०८ ची. आजारी माणसाला कुठली ऐकवायची ते मला ठरवता येईना, म्हणून दोन्ही देते. असं लिहून खाली तुम्ही लिहिलंत, ‘आबांनाच विचारा.’

आजारी माणसाला विचारायचं असतं, हे आम्ही विसरलो होतो. सगळं त्याच्या डोक्यावरून चाललेलं. चहा साखरेचा की बिनसाखरेचा, हेसुद्धा आईला विचारून.

विचारलं. दुसरं पाकीट वाचा म्हणाले. पाच पानं होती. माणूस वाचतो, हातावर व्रण राहतात, आणि कधी एकट्यानं जाऊ नये असं सांगतो. आबांचं तोंड वाकडं. “ही गाडीत लिवलेली सूचना झाली. आन् कुत्रं?” मी पानं पुन्हा चाळली. कुत्राच नव्हता, त्या आधीच्या गोष्टीत कुत्रा नाहीच. “कुत्रं नाय? मग कशाला वाचला त्यो.” तुमच्या मेहनतीवर असा निकाल दिला त्यांनी, राग मानू नका. पण त्या रात्री त्यांनी आईला तीच गोष्ट पुन्हा सांगितली, आणि त्यात माणूसही वाचला आणि कुत्राही.

तर शनिवारी पुस्तक परत आणते. १७ पानं मी बाइंडरकडून शेवटी शिवून घेतलीत, त्याचे पैसे विचारू नका. पुढच्या वाचकाला गोष्ट पूर्ण मिळेल, निळ्या आणि काळ्या शाईत. पाकीट क्रमांक २ आईनं मागून घेतलंय. आणि मार्करचा कागद आबांच्या खाटेसमोर भिंतीवर चिकटवलाय, तो काही परत मिळणार नाही. ज्या भिंतीकडं तोंड करून पडायचे, तीच भिंत.

आबांचा निरोप आहे. तुम्ही म्हणाला होतात ना, याच लेखकाची १९०३ सालची अख्खी कुत्र्याचीच कादंबरी आहे म्हणून, ती माळ्यावर असली तर बघून ठेवा. शेवटचा फॉर्मा असलेली मिळाली तर बरं. नसली तरी द्या.

तुमची,
सभासद, दंडात सूट नको म्हणणारी