पाखाडीतल्या तांबोशीसाठी: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मे महिना संपत आला होता. रत्नागिरीच्या बाजारातून समुद्राकडे उतरताना मी नेहमीचा रस्ता सोडला आणि एका पाखाडीत शिरलो. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही अंगांना पुरुषभर उंच गडगे, वर फणसाची सावली. जन्म या शहरात गेला, पण ही पाखाडी कधी उतरलो नव्हतो.

दुसऱ्या वळणावर थांबलो. डावीकडची अख्खी भिंत रंगवलेल्या एका तांबोशी माशाने व्यापली होती. शेपटी वरच्या पायरीपाशी, तोंड खाली समुद्राच्या दिशेला. जवळ गेल्यावर कळले की तिचा प्रत्येक खवला निराळ्या हाताने रंगवला आहे. एका खवल्यात अबोलीची वेणी, दुसऱ्यात रापणीचे जाळे ओढणारी माणसे, तिसऱ्यात लहान मुलाने काढलेला वाकडा ‘अ’. एकात फक्त निळी रेघ होती आणि ती मला सगळ्यांत आवडली. शेजारच्या घरातले काका पाणी घेऊन बाहेर आले. कोणी काढले म्हणून विचारले, तर म्हणाले, “कोणा एकाचा नाय हो ता, वाडीतल्या सगळ्यांचा हात लागलाय.”

माशाची बाह्यरेषा होड्यांवर नावे रंगवणाऱ्या एका पेंटरची आहे. रंग होड्या रंगवून उरलेला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्या दिवसांत डब्यांच्या तळाशी राहिलेला रंग घरोघर जपून ठेवला गेला. दिवाळीनंतर भिंती सुकल्या तेव्हा काम सुरू झाले. सहीच्या जागी रंगात बुडवलेले अंगठे आहेत.

थोडे खाली गिलावा नाही. तिथे त्यांनी चिरा उघडाच ठेवून चुन्याच्या रेषेत कातळशिल्पातला हत्ती काढला आहे, राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा, पोटात इतर प्राणी सामावून घेणारा. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती कोरणाऱ्या एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. वाडीतल्या माणसांनी नेमका तोच हत्ती का निवडला, हे मला वरच्या खवल्यांकडे परत पाहिल्यावर उमगले.

साहेब, आता ज्यासाठी लिहितो आहे ते सांगतो. पाखाडीच्या खालच्या टोकालाही एक चित्र होते. एका सकाळी तिथे सरसकट पिवळा रंग आणि वर घोषवाक्य. घरमालकाला कुणी विचारले नाही, काढणाऱ्यांना तर नाहीच. काकांनी मला ती जागा दाखवली. पिवळ्या रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि खालून एका पडावाचे शीड डोकावते.

महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा आहे. जाहिराती आणि पत्रके भिंतींवर थापणाऱ्यांसाठी तो हवाच. पण मालकाच्या संमतीने काढलेल्या चित्राची नोंद कुठे करायची, परवानगी कोणी द्यायची, हे पाखाडीतल्या माणसाला कोण सांगणार? ते सोप्या मराठीत सांगणारे एक पानी परिपत्रक आपल्या विभागाने नगरविकास विभागाकडून काढून घ्यावे. नोंद झालेल्या चित्रावर रंग फिरवण्याआधी मालकाला आणि चित्रकारांना लेखी कळवणे त्यातच बंधनकारक करावे. दिल्लीच्या विज्ञान भवनातले शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवले गेले. त्यांनी दाद मागितली आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष परत करून ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सहगल नामवंत होते, त्यांना न्यायालयापर्यंत जाता आले. अंगठ्यांची सही करणाऱ्यांनी कुठे जावे?

सुशोभीकरणाची निविदा मात्र कृपा करून काढू नका. दिल्लीत लोधी कॉलनीच्या भिंतींवर देशोदेशीच्या कलावंतांनी सुंदर काम केले आहे, मुंबईत २०१७ मध्ये ससून डॉकवरही झाले. त्याचे मोल मी जाणतो. पण इथे बाहेरचा ठेकेदार आला तर भिंतीवर गुळगुळीत डॉल्फिन येतील आणि वाकडा ‘अ’ जाईल. मदत द्यायचीच तर जांभ्याला पेलेल अशा चुन्याच्या गिलाव्यासाठी द्या. जांभा पाणी पितो, त्यावर होडीचा ऑइल पेंट दोन पावसाळ्यांत सुटतो. पेंटरने स्वतःच मला नखाने खरवडून दाखवले. चित्रे दाखवत गोष्ट सांगणाऱ्या, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी कलावंतांना चार दिवस या वाडीत पाठवता आले तर फार बरे होईल. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देऊन त्या कलेचा देशाने गौरव केला आहे. चित्रातून गोष्ट पुढे कशी न्यायची, हे त्या घराण्यांकडून शिकावे.

काल पुन्हा गेलो होतो. पहिल्या सरी येऊन गेल्या होत्या. पोरे तांबोशीवर माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत होती, मातीच्या भिंतीला बांधतात तसेच. दिवाळीच्या सुमारास ते सोडतील. तोवर परिपत्रक निघाले, तर काका आपल्या घराची मागची भिंतही मुलांना देणार आहेत. तसे त्यांनी मला सांगितले आहे, आणि आपल्याला कळवायलाही.

आपला विश्वासू,
एक रत्नागिरीकर