नाही म्हणता येईल एवढाच हप्ता

पिंपळगाव बसवंत,
दि. १० जानेवारी २०२६

चि. सागर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले नव्या ट्रकचे कोटेशन मी दोनदा वाचले आणि तुझ्या बाबांनाही वाचून दाखवले. पाच वर्षे कळंबोलीला दुसऱ्याच्या ट्रेलरवर पगारी चालक म्हणून राबल्यानंतर स्वतःची गाडी असावी असे तुला वाटणे साहजिक आहे. चालक-मालक होण्याला माझा विरोध नाही आणि जामीनदार म्हणून सही करायलाही मी तयार आहे. मात्र ती सही कोणत्या कर्जावर करावी, याबद्दल माझे मत तुझ्यापेक्षा वेगळे आहे. तू पंपावर रांगेत उभा असताना फोनवर सांगण्यासारखे ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मला गाडी चालवता येत नाही, पण १९९८ पासून २०२१ मध्ये गाडी विकेपर्यंत बाबांच्या ट्रकचा प्रत्येक रुपया मी वहीत उतरवला आहे. तुझे बाबा ट्रिपवरून आले की शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढत. तिच्यात घामाने मऊ पडलेल्या, घडीवर फाटत आलेल्या पावत्या असत. पतसंस्थेतून आल्यावर मी त्या तारखेप्रमाणे लावायची. काही पावत्यांवरचे आकडे पुसून गेलेले असत, तेव्हा ते डोळे मिटून आठवून सांगत आणि मी लिहीत असे. भाडे, अ‍ॅडव्हान्स, बाकी, डिझेल, टोल, हमाली, पंक्चर, जेवण हे सगळे तू त्या वह्यांत पाहिले आहेस. त्यातले एक पान मात्र तुला कधी नीट समजावून सांगितलेले नाही.

ते पान फेब्रुवारी २००५ चे आहे. आदल्या वर्षी आपण पहिली नवी गाडी घेतली होती. सहा चाकी, कागदोपत्री मालासह एकूण वजन १६.२ टन, म्हणजे नऊ-दहा टनांची भरती. रांगड्या कांद्याचा हंगाम होता आणि माल वाशीच्या कांदा-बटाटा बाजाराला जायचा होता. व्यापाऱ्याने चौदा टन भरले. त्या काळी सगळेच भरत असत. घरी आल्यावर बाबांनी नेहमीप्रमाणे पिशवी माझ्या हाती दिली आणि ते न बोलता झोपले. पावत्या लावताना मला इगतपुरीच्या गॅरेजचे एक बिल सापडले. मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकचे लायनर, एक ड्रम, शिवाय डाव्या बाजूच्या फाळक्याचे वेल्डिंग. लायनर बदलून तीन महिनेसुद्धा झालेले नव्हते. कारण काय लिहू, असे मी सकाळी विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कसारा घाट, एवढंच लिही."

घाट उतरताना ब्रेक तापून सुटले होते. लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये भरला, पेडल खाली गेले तरी गाडी धरेना, तेव्हा गिअरच्या ताकदीवर वेग जमेल तेवढा कमी करून त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. क्लीनरच्या कपाळाला खोक पडली, यापलीकडे कोणाला इजा झाली नाही. मला त्या दिवसाचे जे खरे दुःख आहे ते निराळेच आहे. आपला हप्ता सात तारखेचा असे. आदल्या संध्याकाळी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन करून मीच निरोप ठेवला होता की खात्यात चार हजार कमी पडत आहेत. चौदा टनांना त्यांनी होकार दिला तो त्या चार हजारांसाठी. नऊ टनांच्या वर एक गोणीही घेणार नाही, असे ते एरवी म्हणू शकले असते. त्या दिवशी त्यांना तसे म्हणता आले नाही.

हे सांगण्याचे कारण तुझ्या कोटेशनमध्ये आहे. बॉडीसह अडतीस लाखांची नवी दहा चाकी गाडी, तुझ्या शिलकीतले आठ लाख भरून तीस लाखांचे कर्ज, पाच वर्षे, दहा टक्के. मी हिशेब केला, तर हप्ता महिन्याला सुमारे ६४ हजार रुपये होतो. बाबांच्या ओळखीत २०२१ ची एक दहा चाकी वीस लाखांना मिळते आहे. तेच आठ लाख भरले तर बारा लाखांचे कर्ज राहते, आणि जुन्या गाडीला व्याज जास्त लागते म्हणून तेरा टक्के धरले तरी चार वर्षांसाठी हप्ता ३२ हजारांच्या आसपास येतो, म्हणजे निम्मा. ती गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली आहे. त्यामुळे धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचा खर्च तिलाही आहेच, पण दिल्लीच्या वेशीवर जुन्या गाड्यांवर बंधने वाढत चालली असताना उत्तरेचे भाडे घेणाऱ्याने त्याहून जुनी गाडी घेऊच नये, असे बाबांचे स्पष्ट म्हणणे आहे.

आता भाड्याकडे पाहा. नाशिकहून दिल्ली सुमारे १,३०० किलोमीटर आहे. भरलेली दहा चाकी लिटरला चार किलोमीटर देते असे धरले तर ३२५ लिटर डिझेल, आणि नव्वदच्या भावाने साधारण २९ हजार रुपये. डिझेलचे पैसे पंपावर लगेच द्यावे लागतात, टोल फास्टॅगमधून आपोआप कापला जातो, म्हणून हे दोन खर्च प्रत्येकाच्या लक्षात राहतात. टायरचे तसे नसते. एक टायर वीस-बावीस हजारांचा, असे दहा म्हणजे दोन लाखांच्या वर, आणि तो जोड लाखभर किलोमीटर चालला तर प्रत्येक किलोमीटरमागे दोन रुपयांचे रबर रस्त्यावर जाते. दिल्लीच्या एका खेपेत असे २,६०० रुपये झिजतात, आणि ते रस्त्यात कोणी मागत नसल्यामुळे चालकाला ते आपली कमाई वाटतात. मी दर ट्रिपला टायरचे पैसे बाजूला काढून पोस्टातल्या रिकरिंगला भरत असे. बाबांना ते सुरुवातीला पटले नव्हते. पुढे एकाच महिन्यात चार टायर बदलायची वेळ आली, तेव्हा आपल्याला कोणापुढे हात पसरावा लागला नाही आणि मग त्यांनी त्या खात्याबद्दल पुन्हा विचारले नाही.

याशिवाय वर्षाचे ठरलेले खर्च आहेत. नॅशनल परमिटची एकत्रित फी १६,५०० रुपये, आणि २० ते ४० टन वजनी गटाच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ४३,९५०. गाडीची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा, त्यानंतर दरवर्षी. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाला आयकरात ठोक पद्धतीने उत्पन्न दाखवता येते. बारा टनांवरच्या गाडीला टनामागे महिना एक हजार धरतात, म्हणजे तुझ्या मालासह २८.५ टनांच्या गाडीचे महिन्याचे उत्पन्न सरकार २८,५०० रुपये मानते. मी हा आकडा मुद्दाम देते आहे. ६४ हजारांचा हप्ता भरून तेवढे उरण्यासाठी गाडीने डिझेल, टोल, टायर आणि भत्ता वजा जाता दरमहा ९२ हजारांच्या पुढे कमवायला हवे, आणि तेही एकही महिना न चुकता. माझ्या वह्यांत पावसाळ्याचे चार महिने कसे जात, हे तू स्वतः उघडून पाहा.

तू पगारी असताना जास्त माल भरला तर दोष मालकाचा होता. आता जो होकार देशील तो तुझा असेल. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच. तीन टन जास्त भरलेस तर २६ हजार झाले. व्यापारी त्यातला एक रुपयाही देणार नाही. २०१८ मध्ये दहा चाकीची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली तेव्हा आता तरी लोक मर्यादेत भरतील असे बाबांना वाटले होते. तसे झाले नाही, कारण मर्यादा वाढली तसे टनामागचे भाडे पडले आणि हप्ते होते तिथेच राहिले.

झोपेचेही तेच आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेले होते, पण ते नोकरदार कामगारासाठी. स्वतःच्या गाडीवर बसलेल्या माणसाचे तास मोजणारा कोणी नसतो. व्यापारी म्हणेल की माल परवा सकाळी पोहोचलाच पाहिजे. अशा वेळी मालासोबतचे जीएसटीचे ई-वे बिल काढून पाहावे. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत आहे, म्हणजे दिल्लीच्या खेपेला सात दिवस मिळतात. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तासांत ती वाढवूनही घेता येते. घाई व्यापाऱ्याची असते, कायद्याची नसते, आणि हे ज्याला ठाऊक आहे तो रात्री दोनला ढाब्यावर गाडी लावून निर्धास्त झोपू शकतो, अर्थात हप्ता त्याला झोपू देत असेल तर.

माझ्या वह्यांतली एक गोष्ट मला स्वतःलाही फार उशिरा दिसली. २००८ मध्ये आपले कर्ज फिटले. त्यानंतरच्या वर्षी गाडी उभी राहिल्याचे दिवस आधीपेक्षा वाढले होते, आणि तरीही वर्षअखेरची शिल्लक आधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त होती. कर्ज असताना बाबा दिल्लीला माल उतरवला की दुसऱ्याच दिवशी दलाल सांगेल त्या भावाने परतीचे भाडे घेत आणि डिझेल जेमतेम सुटेल अशा दरात घरी येत. कर्ज फिटल्यावर ते तिथल्या ट्रान्सपोर्ट नगरात दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबू लागले, स्वतः स्वयंपाक करू लागले, आणि भाव पटला तरच ताडपत्री बांधू लागले. तीच गाडी, तोच रस्ता आणि तोच माणूस होता.

थांबण्याचे पैसे, म्हणजे हॉल्टिंग, मात्र आधी ठरवून बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून घ्यावेत. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली तेव्हा बाबांची गाडी बांगलादेश सीमेवर पेट्रापोलच्या अलीकडे बनगावच्या रस्त्यावर उभी होती. कांद्याला पाणी सुटून ते फाळक्यातून गळत होते, आणि बाबा अकरा दिवस गाडीखाली चटई टाकून झोपले. हॉल्टिंगबद्दल लेखी काही नव्हते, म्हणून व्यापाऱ्याने हात वर केले आणि उतरवण्याची हमाली आणि वाराईसुद्धा आपल्या बाकीतून कापली. ज्याचा माल त्याचा हमाल, ही मागणी आपल्याकडचे वाहतूकदार वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि तरीही मोजायला लागतात ते गाडीवाल्यालाच. तेव्हा हप्ता नव्हता म्हणून आपण तो फटका सोसला. ६४ हजारांचा असता तर तुझ्या बहिणीचे कॉलेज त्या वर्षी थांबले असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. वीस लाखांच्या गाडीच्या कर्जावर मी आजच सही करते. अडतीस लाखांच्या गाडीवर आज करणार नाही. दोन वर्षांनी तुझी स्वतःची वही मला दाखव, तीन महिन्यांचे हप्ते बाजूला पडलेले असू देत, टायरचे खाते वेगळे असू दे, मग नव्या गाडीचे पुन्हा बोलू. नवी गाडी हवी असण्यात काही चूक आहे असे मी मानत नाही. नव्या केबिनमध्ये आता एसी येतो, बाबांचे कान आणि कंबर ज्या गाड्यांनी घालवली तसल्या गाडीत तू बसू नयेस असे मलाही वाटते. पण कोणी चौदा टन पुढे केले तर तुला सरळ नाही म्हणता यावे, ही माझी त्याहून मोठी इच्छा आहे, आणि तुझ्या हप्त्याची आठवण करून देणारा फोन मला करावा लागू नये.

संक्रांतीला तू येणार आहेसच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी पाहायला जा. इंजिन थंड असतानाच स्टार्टर मारून पाहायचा, म्हणून मालकाला आधी गाडी सुरू करू देऊ नये असे बाबा बजावून सांगत आहेत. चासीवर वेल्डिंग आहे का, स्प्रिंगचे कमानपाटे बदललेले आहेत का आणि थकीत चलाने किती आहेत, हे ते स्वतः पाहणार आहेत. साडेपाचला निघावे लागेल. दोघांचा डबा मी करून ठेवते.

तुझी,
आई